निळा गेला का?

रोह्याच्या कॉलेजात मी वॉचमन. तिथला रसायनाचा सर प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये एकटाच स्टार्चची खळ करतो. आधी थंड पाण्यात कालवतो, मग उकळत्या पाण्यात ओततो, म्हणून गुठळी नाय होत. आयोडीनात खळ पडली की चंबू निळाशार. मग मला शेजारी स्टुलावर बसवून, नळीतून थेंबथेंब निळा घालवायचं औषध सोडत विचारायचा, "काका, निळा गेला का?"

"गेला!"

एकदा चंबू निळा असतानाच मी गेला म्हटलं, तसा सर हसून म्हणाला, "डोळे गेले तुमचे, काका." तेव्हापासून मी लॅबची पायरी चढलो नाय. घरी तरी माझी कोण वाट बघतंय म्हणा.

काल खिडकीतून बघितलं. माझं स्टूल जागेवर मांडलेलं. चंबूतलं पाणी कधीच स्वच्छ झालेलं, तरी सर रिकाम्या स्टुलाला विचारतोय, "गेला का?"

मी आत शिरलो. म्हटलं, "थांब मास्तर, नीट बघू दे."