वारसात लागलेली तेवीस नावं

एकनाथराव औटी अमेरिकेत आले त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांच्यातला तलाठी काही निवृत्त होईना. पारनेर तालुक्यात चौतीस वर्षं सातबारे लिहिलेला माणूस. आता कॅरी गावात लेकाकडे राहायचं तर दिवसभर करायचं काय? सकाळी फिरायला निघाले की लोकांच्या हिरवळी पावलांनी मोजायचे आणि घरी येऊन सांगायचे, "त्या कोपऱ्यावरच्यानं बांध दीड पाऊल रेटलाय."

सून उल्का डोक्याला हात लावायची. "बाबा, तो बांध नाहीये, फुलांचा वाफा आहे. आणि प्लीज लोकांच्या लॉनवर चालू नका. पोलीस बोलावतात."

"बोलावू दे की. पंचनामा मी लिहून देतो."

त्यांच्या कॉलनीच्या मागं चार एकराचा एक तुकडा बिल्डरच्या हाती लागायचा राहिला होता. त्यावर लाकडाचं जुनं घर, आणि घरात मिस अ‍ॅडी हॉलोवेल. वय चौऱ्याऐंशी. नवरा केला नाही, पोरबाळ नाही, एक मांजर, तेही तिच्याशी फटकून. एके काळी सगळी कॉलनी, शाळा, दोन्ही किराणा दुकानं, सगळं त्यांच्याच तंबाखूच्या शेतात होतं म्हणे. एकनाथरावांच्या बायकोनं, कांचनबाईंनी, कुंपणावरून एकदा थालीपीठ दिलं, तेव्हापासून तिची यांची गट्टी. यांचं इंग्रजी तिला निम्मंच कळायचं आणि तिचं यांना, त्यामुळं भांडणाचा प्रश्नच नव्हता.

या अ‍ॅडीबाईंच्या मनात एकच होतं. जुन्या शेतकरी घराण्यांची तिथं एक मंडळी होती. दीडशे वर्षं एकाच घराण्याकडं जमीन आहे असं कागदांनी सिद्ध केलं, की ती मंडळी दाराला पितळी पाटी लावायची. रस्त्यापलीकडच्या डोरिसला वीस वर्षांपूर्वी मिळाली होती.

"डोरिस गेली," अ‍ॅडीबाई म्हणायच्या, "पाटी अजून चमकतेय. रोज सकाळी ऊन पडलं की माझ्या डोळ्यांत मारते."

कागद होते. पत्र्याची अख्खी पेटी भरून होते, मृत्युपत्रं आणि खरेदीखतं. पण ते जोडून लिहिलेलं, शाई पसरलेलं इंग्रजी कुणाच्या बापाला वाचता येईना. उल्कानं फोटो काढून कॉम्प्युटरला दिला, तर त्यानं दोन गाईंचे दोन बिशप केले. ऑक्टोबरअखेर मुदत होती आणि अ‍ॅडीबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी असेन की नसेन. नसले तर पाटी मांजराला देणार का?"

एकनाथरावांनी एक कागद उजेडात धरला. तरुणपणी मोडीतली दप्तरं उलगडलेला माणूस तो, त्याला हे किरटं काय जड? आणि जोडून लिहायचं इंग्रजी अक्षर तर शाळेत चार रेघांच्या वहीत मास्तरांनी छडी मारून गिरवून घेतलेलं. ते पहिल्याच ओळीला हरखले. "अगं कांचन, हे तर आपल्यासारखंच! पूर्वेस ओढा, पश्चिमेस पांढऱ्या ओकाचं झाड, दक्षिणेस मयत अमक्याची हद्द. चतुःसीमा!"

त्या दिवसापासून घरातलं जेवणाचं टेबल म्हणजे तलाठी सज्जा झाला. बाकीचे उभ्यानं जेवू लागले.

तलाठी कागद कसा वाचतो? नाव बघतो, क्षेत्र बघतो, चतुःसीमा बघतो. मधलं पाल्हाळ वकिलांसाठी सोडतो. एकनाथराव तसंच वाचत गेले. अठराशे एकेचाळीस सालच्या मृत्युपत्रात मूळ पुरुष एलायजा हॉलोवेल सापडला. बायको, तीन मुलगे, एक मुलगी मार्था. आणि त्याखाली कितीतरी नावं. मार्थाकडं हॅना आणि तिला पुढं होतील ती लेकरं. थोरल्याकडं आयझॅक आणि जूडी. मधल्याकडं बेन, डायना, दुसरा बेन. अशी तेवीस.

एकनाथरावांना यात नवल वाटलं नाही. बाप मरायला टेकला की धाकटी अज्ञान लेकरं जाणत्या भावंडांच्या पदरात घालतो, ही जगाची रीत. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढं अ.पा.क. असं लिहितात, म्हणजे अज्ञानाचं पालन करणारा कोण ते. त्यांनी लिहून टाकलं, हॅना, अ.पा.क. मार्था. आयझॅक, अ.पा.क. थोरला भाऊ. तेवीसच्या तेवीस वारसात घेतली.

कांचनबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "अहो, एका बाईला सत्तावीस लेकरं?"

"तुझ्या आजीला किती होती?"

"चौदा."

"मग? इथं तर हवापाणी चांगलं."

"आणि यांना आडनावं का नाहीत?"

"अज्ञान पोराला आडनाव कोण विचारतं? बापाचं तेच."

हॅनाच्या ओळीत पुढं एक खेचर आणि एक पिसांची गादीही होती. ते एकनाथरावांनी आंदणात धरलं.

एवढी मोठी वंशावळ लिहायला कागद पुरेना. मग उल्काकडचा नाताळच्या भेटी गुंडाळायचा रोल घेतला. मागची बाजू कोरी होती. बारा फूट वंशावळ झाली, नावं इंग्रजीत, शेरे मराठीत. उलट्या बाजूनं लाल टोपीचे म्हातारे हसत होते.

अ‍ॅडीबाईंना मोतीबिंदू. बारीक अक्षर दिसेना, पण नावांची गर्दी दिसली. बोटानं चाचपत त्या म्हणाल्या, "मला वाटायचं मी एकटीच राहिले. बघा तरी, आम्ही किती होतो!" आणि डोळे पुसून सही केली.

मंडळीचं जेवण चर्चच्या हॉलमध्ये होतं. अध्यक्ष क्लाइडसाहेब, गळ्यात ठिपक्याठिपक्यांचा बो. त्यांनी रोल उलगडला, दोघांनी टोकं धरली, आणि ते खड्या आवाजात वाचू लागले. एलायजा झाला, मुलगे झाले, मार्था झाली. मग आवाज हळू झाला. हॅनाशी आला आणि थांबला. हॉलमधले काटेचमचे चिकनवर थांबले. टोक धरणाऱ्यानं टोक सोडलं, तसा कागद सळसळत गुंडाळला आणि क्लाइडसाहेबांच्या हातात लाल टोपीचा म्हातारा तेवढा राहिला.

उल्का लाल झाली होती. ती सासऱ्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, ही लेकरं नव्हती. ही माणसं त्यांनी विकत घेतलेली होती. गुलाम."

एकनाथराव तिच्याकडं बघत राहिले. "खेचराच्या ओळीत?"

"हो, बाबा."

त्यांनी पुढ्यातली बशी बाजूला सारली. मग काही खाल्लं नाही.

क्लाइडसाहेब तसे सभ्य. ते अ‍ॅडीबाईंपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, घोटाळा झाला हे दिसतंच आहे. ती नावं काढा, एका पानाचा सुटसुटीत तक्ता करा, महिनाअखेर माझ्याकडं द्या. पाटी कोरून तयार आहे. अ‍ॅडीबाई मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "डॅडी नेहमी म्हणायचे, 'आपली माणसं' होती शेतावर. नावं मी कधी विचारली नाहीत."

घरी येताना गाडीत उल्का म्हणाली, "बाबा, सोप्पं आहे. तेवीस नावं डिलीट करायची, बस्स."

"नाव लागलं की लागलं. कमी करायचं तर नोटीस काढावी लागते. पंधरा दिवस हरकतीला. मग निर्णय."

"नोटीस कुणाला? मरून दीडशे वर्षं झाली त्यांना!"

"मयताच्या वारसांना."

"बाबा यार, इथं तुम्ही तलाठी नाही आहात!"

मागच्या सीटवरून कांचनबाई म्हणाल्या, "उल्का, तू रस्त्याकडं बघ. ते ऐकायचे नाहीत." त्यांना कारण ठाऊक होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पाटलांच्या शब्दावरून, एकनाथरावांनी गेनू म्हस्क्याचं नाव कुळाच्या रकान्यातून नोटिशीवाचून उडवलं होतं. गेनू चावडीवर आला. भांडला नाही, शिवी दिली नाही. नुसता विचारत होता, "भाऊसाहेब, माझं नाव कुठं गेलं?" रोज यायचा. पावसाळाभर आला. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकनाथरावांची एकही नोंद वरिष्ठांनी रद्द केली नाही, हे ते सगळ्यांना सांगायचे. हे मात्र फक्त बायकोला माहीत होतं.

तर नोटीस निघाली. एकनाथरावांनी ती शिरस्त्याप्रमाणं मराठीत लिहिली, उल्कानं दात-ओठ खात इंग्रजीत केली. 'खालील इसमांची नावं वारसातून कमी करण्याचं योजिलं आहे. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.' चावडी नाही, मग चिकटवायची कुठं? वाचनालयात लावली, पेट्रोलपंपावर लावली, आणि देशी किराणा दुकानात, जिथं डब्यांच्या आणि भरतनाट्यमच्या जाहिराती असतात, तिथंही लावली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मॉरिसव्हिलहून एका नागपूरकराचा फोन. "काका, चार एकर आहे म्हणता? रेट काय काढला?"

शिरस्ता म्हणजे नोटीस रजिस्टर पोस्टानंही जायला पाहिजे. एकनाथराव पोस्टात गेले. पाकिटावर लिहिलं होतं, हॅना हॉलोवेल, राहणार इथलीच. खिडकीपलीकडं साठीची एक सावळी, दणकट बाई बसली होती. तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं. "पत्ता अपुरा आहे, सर."

एकनाथरावांची नजर तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडं गेली. बर्निस हॉलोवेल. त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही भाऊबंद! मग पोस्ट कशाला? इथंच घ्या. सही करा."

मागं रांग होती. बर्निसनं नोटीस वाचली. पहिल्यांदा हसली, मोठ्यानं, सगळं पोस्ट वळून बघेल असं. मग पुन्हा वाचली आणि हसायची थांबली.

"हॅना आणि जूडी," ती म्हणाली. "तुम्हाला ही नावं कुठं मिळाली?"

"रेकॉर्डला आहेत."

"आणि तुम्ही ती खोडणार?"

"मी नाही. हरकत आली नाही तरच. अकरा वाजता, एकतीस तारखेला. पुरावा घेऊन या." आणि एकनाथरावांनी तिची सही घेतली.

एकतीस तारखेला अ‍ॅडीबाईंच्या ओसरीवर घडीचं टेबल मांडलं. एकनाथरावांनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला, तांबड्या शाईचं पेन खिशाला लावलं. मांजर टेबलाखाली. क्लाइडसाहेब पाटी घेऊन आले होते, पण ओसरीवर न येता एसी लावून गाडीत बसले. अकराला एकनाथराव उठले आणि तहसील कचेरीत शिपाई घालतो तसा पुकारा घातला.

"हॅना हॉलोवेल हाजिर आहेत का?"

समोर नुसती पेकनची झाडं. त्यांनी तीन वेळा विचारलं. मग "आयझॅक हॉलोवेल". मग "जूडी". क्लाइडसाहेबांनी काच खाली केली, ऐकलं, पुन्हा वर केली. दुसऱ्या बेनचा पुकारा चालू असताना बर्निसची गाडी फाटकातून आत आली.

तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड बायबल होतं. अ‍ॅडीबाई म्हणाल्या, "चहा घेणार का तुम्ही? साखर किती?"

"मी कागदासाठी आले आहे, मॅडम."

तिनं बायबलची पहिली पानं उघडली. जन्म, मरण, लग्नं, हातानं लिहिलेली. वर हॅना, तिच्याखाली जूडी, पुढं उतरत उतरत बर्निसची आजी, आई, बर्निस. हॅना म्हणजे आजीच्या आजीची आजी.

एकनाथरावांनी पान तपासलं, सालं जुळवली, मान डोलावली. "पुरावा ग्राह्य. हरकत काय आहे?"

बर्निसनं बारा फुटांवर बोट फिरवलं. "नावं राहू देत. माझी हरकत या तीन अक्षरांना आहे. नोटिशीतही ती होती, तुमच्या सूनबाईंनी फोनवर अर्थ सांगितला. पालन कोण कुणाचं करत होतं? एलायजा मेला तेव्हा हॅना चाळीस वर्षांची होती. मार्था अकराची. मार्थाची वेणी हॅना घालायची."

एकनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपल्या हातची नोंद आपणच चूक म्हणायची वेळ चौतीस वर्षांत आली नव्हती.

"हरकत मान्य," ते म्हणाले.

क्लाइडसाहेब आता पायरीपर्यंत आले होते. घड्याळ बघत म्हणाले, "मिस अ‍ॅडी, एका पानाचा तक्ता असेल तर द्या. नाहीतर मला पाटी परत न्यावी लागेल."

अ‍ॅडीबाईंनी रस्त्यापलीकडं पाहिलं. डोरिसची पाटी उन्हात चमकत होती. "डोरिसकडं साडेचार नावं होती," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघ किती..."

"'माझ्याकडं' म्हणू नका," बर्निस म्हणाली.

चौऱ्याऐंशी वर्षांत अ‍ॅडीबाईंना कुणी असं टोकलं नसावं. "बरं," त्या म्हणाल्या. मग क्लाइडसाहेबांकडं वळून, "कागद हा एकच आहे. लांबीला जरा जास्त आहे. तेवढी पाटी घेऊन जा, क्लाइड. आणि जाताना फाटक लाव, मांजर जातं."

क्लाइडसाहेब पाटी घेऊन गेले. फाटक लावलं, सभ्य माणूस.

एकनाथराव तांबड्या शाईनं अ.पा.क. खोडायला बसले. तेवीस ठिकाणी एकेक रेघ, शेजारी सही, तारीख. हॅनापुढं त्यांनी ठळक अक्षरात 'सज्ञान' लिहिलं. मग पेन बर्निसच्या हातात दिलं. "तुमची शाखा तुम्ही लावा."

ती लिहू लागली. जूडीखाली पाच, त्या पाचांखाली एकोणीस. कांचनबाईंनी थालीपिठाची ताटली सरकवली, ती तिनं न बघता घेतली. अ‍ॅडीबाईंनी न विचारताच चहात दोन चमचे साखर घातली, बर्निसनं एक घोट घेतला आणि "फार गोड," म्हणून बाजूला ठेवला. आजीच्या पिढीपर्यंत आली तोच कागद संपला.

एकनाथरावांनी मान वर केली. "उल्का, गिफ्ट पेपर आहे का गं आणखी?"

"बाबा, आता फक्त हॅपी बर्थडेचा आहे. फुग्यांचा."

"चालेल. मागची बाजू कोरी आहे ना?"