लंबकाचा झोका

अकरावीच्या हुशार मुलांसाठी भौतिकशास्त्राचा खास वर्ग काढायचं ठरलं आणि त्याचं नियोजन माझ्या गळ्यात पडलं. रिकाम्या प्रयोगशाळेत बसून मी तक्ता आखला खरा, पण पहिल्या तासाला काय घ्यावं तेच सुचेना. गतीपासून सुरुवात करावी, की आधी गणित पक्कं करून घ्यावं? लिहीत होते, खोडत होते.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कुसुमताई समोर टेबलं पुसत होत्या. त्यांचं फडकं लंबकाच्या गोळ्याला लागलं. तो हलू लागला, तशा त्या हातातलं काम थांबवून बघत राहिल्या.

"मॅडम, झोका लहान होत जातो, तरी वेळ तेवढाच लागतो. असं का हो?"

"तुम्ही कधी मोजलंत?"

"रोज बघते की! मुलं कुठे मोजतात? उत्तर आधी लिहितात, मग त्याला जुळतील असे आकडे वर भरतात."

हे मला ठाऊक होतं. तशाच वह्यांवर मी वर्षानुवर्षं सह्या केल्या होत्या. मग हुशार नेमकं कुणाला म्हणायचं? आणि हा वर्ग कुणासाठी?

"सांगते," म्हणत मी फळ्यापाशी गेले, सवयीने सूत्र लिहिलं आणि वळले. कुसुमताईंचं फळ्याकडे लक्षच नव्हतं. त्या अजून गोळ्याकडे बघत होत्या.

खडू माझ्या हातातच राहिला. मीही उत्तरच आधी लिहिलं होतं.