पणजोबाच्या मरणाची वर्दी

आमच्या वस्तीच्या माती द्यायच्या जागेवर गोडाऊनचं कुंपण आलं. मालक म्हणाला, "इथं तुमचं कोण पुरलंय, कागद दाखवा."

माझा पणजोबा पुरलाय. म्हणून भिवंडीच्या कचेरीत गेलो. मोडी वाचणाऱ्यानं मृत्यूचं जुनं रजिस्टर चाळलं. पानापानावर पणजोबाचं नाव निघालं. मी खूश झालो, तर तो म्हणाला, "बाबा, हे मेलेल्यांत न्हाय. वर्दी देणाऱ्यांत हाय."

गावकी, म्हणजे गावची सांगकामं, पिढीजात आमच्याकडं होती. गावात कोणीही मेलं की पणजोबानंच भिवंडीपर्यंत चालत येऊन सांगायचं. पाटलाची म्हातारी, वाण्याचं तान्हं पोर, सगळी त्यानंच नोंदवली. तो मेला तेव्हा त्याचा मुलगा रांगत होता, आणि गावातला एकही माणूस वर्दी द्यायला उठला नाही.

माझं डोकं फिरलं. मी तिसरी शिकलेला. तिथंच बाकड्यावर बसून अर्ज लिहिला. पणजोबा मयत, गावच्या जागेत पुरला, वर्दी देणार पणतू.

कारकून हसला. "बाबा, सव्वाशे वर्षं उशीर झाला."

"तो तुमच्या रजिस्टरनं केलाय. शिक्का मार. पोच घेतल्याबिगर मी हलणार न्हाय."

कचेरी बंद व्हायच्या वेळेला त्यानं शिक्का मारला. ती पोच घेऊन मी सरळ कुंपणाकडं गेलो.