मुनाफचा दाखला

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातली भांडणंसुद्धा मीठमसाला लावून सांगतो. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही.

२०१४च्या सुमारास मस्कतमध्ये आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम होती. कॉलेज रायगडातलं, तालुक्याचं. आम्ही त्याचे जुने विद्यार्थी, बहुतेक मस्कतच्या दार्सैत भागात राहणारे, पोटं सुटलेले. शुक्रवारी सकाळी खडीच्या मैदानावर खेळायचो. टीम ठरायची चहा पिताना, आरडाओरडा करून. गुडघे सोलवटायचे, तरी आठवडाभर त्या सकाळची वाट बघायचो. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

गोलकीपर मुनाफ. तो मस्कतपासून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या खाबुऱ्याला बागांमधले पंप दुरुस्त करायचा. दर शुक्रवारी तेवढ्या लांबून टॅक्सी पकडून यायचा, पिशवीभर लिंबं घेऊन. खेळ संपला की सगळ्यांना सरबत. त्याच्या मनाला एकच गोष्ट लागायची — सेकंड इयरला असताना वडील गेले आणि कॉलेज सोडून तो इकडे आला. पदवीचा विषय निघाला की हा खाली बघून बुटाची नाडी बांधत बसायचा. मला ते ठाऊक होतं.

जुन्या विद्यार्थ्यांची दरवर्षी स्पर्धा व्हायची, प्रत्येक टीम आपापल्या कॉलेजच्या नावाने. नियम साधा — कॉलेजात एक वर्ष जरी शिकला असलात, तरी दाखल्याची झेरॉक्स द्या आणि खेळा. मग त्यात पैसा आला. मस्कतच्याच रुवी भागातल्या एका स्पेअरपार्टवाल्या शेठनी आम्हाला जर्सी दिल्या, गवताचं मैदान दिलं, वर बिर्याणी. तेव्हापासून टीम चहावर ठरेना, शेठच्या फोनवर ठरू लागली. मला त्यांनी मॅनेजर केलं. पाठीवर 'मॅनेजर' छापलेलं जॅकेट दिलं. ते मी मस्कतच्या उन्हात घालून फिरायचो — हसा खुशाल.

एकदा शेठनी कुठल्याशा क्लबचा गोलकीपर आणला. आमच्या कॉलेजचं फाटकही न पाहिलेला. "दाखल्याचं तेवढं तू बघ, यल्ला, लाग कामाला," म्हणाले. मी काय बघितलं? मुनाफचा दाखला माझ्याकडेच होता. त्यावर फोटो नव्हता. तो माणूस मुनाफ म्हणून खेळला.

आणि मुनाफला मी फोनवर सांगितलं — नियम बदललाय, पदवी पूर्ण केलेलेच चालतात. दुसरं काही सांगता आलं नसतं का? शेठला दुसरा कीपर हवाय, एवढं म्हटलं असतं तर तो भांडला असता, शिव्या दिल्या असत्या. म्हणूनच मी नेमकी ती जागा शोधली, जिथे तो भांडणार नव्हता. तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मी कॉलेजचा खरा नाहीच ना रे."

आम्ही कप जिंकलो. उत्कृष्ट गोलकीपर म्हणून माइकवर मुनाफचं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट. भलताच माणूस पुढे गेला. मी टाळ्या वाजवल्या. मुनाफ त्यानंतर कधी खेळायला आला नाही.

गेल्या वर्षी त्याचा गावाहून फोन आला. मुलीला आमच्याच कॉलेजात ॲडमिशन मिळाली होती. "चल, घरातलं कुणीतरी त्या कॉलेजचं झालं," तो म्हणाला — मनापासून खूश होता.

मी त्याचं अभिनंदन केलं. तेवढंच बोललो, आणि फोन ठेवला.