टोपलीतली ढेप आणि बाबांचा उजवा डोळा

शनिवार, अकरा ऑक्टोबर, सकाळी पावणेदहा. डोळ्यांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. हजर: बाबा (उजव्या डोळ्यावर पट्टी), आई (पिशवीत थर्मास), मी (फाइल, थेंबांचं वेळापत्रक, प्रश्नांचा कागद) आणि डॉक्टर, माझ्याहून बऱ्याच लहान. आदल्या दिवशी त्यांनी बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डावा महिन्याभराने.

पट्टी निघाली. बाबांनी डोळा मिचकावला, डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा कोट निळसर कसा काय?"

"पांढराच आहे आजोबा."

बाबांनी तळव्याने उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. "या डोळ्याने निळसर पांढरा. याने पिवळा. चहा सांडून धुतल्यासारखा."

"दुसरा धुतलेला नाही ना अजून," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा डोळा उघडला. मोसंबीएवढा होता. बाहुलीतून उजेड आत येतो, तिच्या मागचं भिंग तो गोळा करून मागच्या पडद्यावर टाकतं, तिथे चित्र उलटं पडतं आणि मेंदू ते सुलटं समजतो. डॉक्टर भिंग काढून दाखवायला गेल्या, तर ते निसटून घरंगळत खुर्चीखाली गेलं. आईने वाकून उचललं, पदराला पुसलं आणि परत दिलं. "हे सांभाळा. आमच्या ह्यांना लागेल."

आपल्या डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं होतं, मग तपकिरी, असं डॉक्टर सांगत होत्या. रोज इतकं थोडं थोडं होतं की कळत नाही. पांढरं काय ते मेंदूला आठवत असतं, म्हणून तो सांभाळून घेतो. पण पिवळं आणि तपकिरी यातल्या छटा ओळखायला गेलं की फसतो.

"हे किती दिवसांपासून असेल?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता.

"दिवस नाही, वर्षं म्हणा."

बाबा गप्प झाले. गाडीत बसेपर्यंत गप्प, घर येईपर्यंत गप्प. काळा चष्मा नीट बसतोय का, हेसुद्धा त्यांनी मला सांगितलं नाही, आणि एरवी ते मला रस्त्यावरच्या प्रत्येक सिग्नलचा रंग सांगतात.

का गप्प झाले, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. बाबांचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात, गुळाच्या गाळ्यावर गेलं. ढेप फोडायची, तुकडा उजेडाकडे धरायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा: सोनेरी, लाल, काळपट. गाळ्यावर त्यांचा शब्द शेवटचा. निवृत्त झाल्यावरही हंगामात गाळ्यावरून नमुने घरी यायचे. कपड्यांच्या बाबतीत ते मला विचारत, औषधांच्या बाबतीत आईला. रंगाच्या बाबतीत कुणालाही नाही.

लोणी काळभोरचे काका त्यांचे जुने मित्र. स्वतःचं गुऱ्हाळ, रस आटवायच्या काहिलीपाशी स्वतः उभे राहणारे. हंगामातली पहिली ढेप ते दरवर्षी आमच्याकडे आणत. तीन वर्षांपूर्वीही आणली, बांबूच्या टोपलीत, धुतलेल्या फडक्यावर ठेवून. बाबांनी तुकडा खिडकीपाशी धरला आणि म्हणाले, "काळपट झालाय. खाली लागला तुझा या वेळी."

गूळ करणाऱ्याला गूळ लागला म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला भात करपला म्हणण्यासारखं, फक्त चार गावांसमोर.

काका आधी हसले. "भाऊ, चेष्टा करताय व्हय?"

"गुळाची चेष्टा मी कधी केली?"

"लागल्याला न्हाय भाऊ. उन्हात न्या, मंग बोला."

"मला उन्हाची गरज नाही."

आईने तोवर तुकडा तोंडात टाकला होता. "अहो, लागलेला नाही. चव स्वच्छ आहे."

"गूळ आधी डोळ्याला कळतो," बाबा म्हणाले.

काका उठले. ढेप फडक्यात गुंडाळली, काखेत मारली आणि गेले. चहा तसाच राहिला. टोपलीही राहिली. त्यानंतर ते आले नाहीत, फोन नाही, काही नाही. माझ्या यादीत 'टोपली, लोणी' हे कलम तेव्हापासून आहे. मी यादी दर रविवारी नव्याने लिहिते. बाकीची कलमं येतात, खुणा होऊन जातात. हे एक दर रविवारी पुढच्या पानावर येऊन बसतं.

तर त्या शनिवारी घरी आल्यावर मी फ्रिजवर वेळापत्रक लावलं. पहिले थेंब दर दोन तासांनी, दुसरे दिवसातून चारदा, दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर. डोक्यावरून पाणी नाही, वाकणं नाही, धूळ आणि धूर टाळणे. मी हे लिहीत असताना बाबा घरभर एकेक डोळा झाकत फिरत होते.

"हा बनियन पांढरा होता?"

"मी रोज तेच सांगत होते," आई म्हणाली. "तुम्ही नीळ जास्त घालायला लावत होतात. माझी बोटं निळी, तुमचा बनियन निळा."

मग त्यांनी स्वयंपाकघरातला गुळाचा डबा काढला आणि खडा घेऊन गॅलरीत गेले. उजवा डोळा, डावा डोळा. उजवा, डावा. आत आले आणि खडा माझ्यासमोर धरला. "याने सोनेरी. याने काळपट. खडा एकच आहे." जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशीची ढेप तर आता मिळायची नाही."

इथे मला माझ्या सवयीची मदत झाली. घरात कुणाचाही डबा आला की मी आधी त्याचा फोटो काढते, म्हणजे परत करताना आपला कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, हा वाद होत नाही. मी मोबाइलमध्ये मागे मागे गेले. टोपली सापडली. पांढऱ्या ओट्यावर, शेजारी दुधाचं पातेलं, आत ढेप. फोटोतल्या रंगावर किती भरवसा ठेवायचा ते मला माहीत नाही, पण दूध पांढरं होतं आणि ओटाही.

बाबांनी डावा डोळा झाकून पाहिलं. बराच वेळ. मग उजवा झाकला, आणि लगेच हात काढला.

"सोनं आहे," ते म्हणाले. "नुसतं सोनं."

मीही पाहिलं, आणि फोटो मोठा करून पुन्हा पाहिलं. कारण त्या दिवशी मी त्याच ओट्यापाशी उभी होते. माझे डोळे धडधाकट होते, भिंगं स्वच्छ होती, आणि मला ती ढेप काळपट दिसली होती. अगदी स्पष्ट आठवतंय. बाबा काळपट म्हणाले आणि मला काळपट दिसली. डॉक्टरांच्या त्या प्लॅस्टिकच्या मोसंबीत कान कुठे जोडलेले असतात, ते विचारायला हवं होतं. फक्त आईने पाहायची घाई केली नाही, खाल्ली.

हे मी बोलून दाखवलं तर आई म्हणाली, "घरात एकाची जीभ तरी जागेवर असावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून टोपली काढली. आईने घासली, उन्हात वाळवली. मी म्हटलं, चला, अर्ध्या तासाचा रस्ता आहे, जाऊन येऊ.

बाबा म्हणाले, "गुऱ्हाळ सुरू झालं असेल. तिथे धूर असतो. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलाय."

"मग फोन करा," आई म्हणाली. "फोनमधून धूर येत नाही."

बाबांनी फोन घेतला. नंबर त्यांना पाठ होता. मी मुद्दाम थेंबांच्या बाटल्या पुसत राहिले. पलीकडून मोठ्याने आवाज आला, "कोन हाय?" बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "राँग नंबर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"आवाज ओळखला असेल त्यांनी," आई म्हणाली.

"ओळखू दे."

"म्हणजे आता लागलेला गूळ आणि चुकीचा नंबर, दोन्हींची माफी मागा."

त्यावर बाबांनी नवीन अडचण काढली, आणि ती खरी होती: टोपली रिकामी कशी परत द्यायची? भांडं रिकामं पाठवायची आमच्या घरात रीत नाही. काय घालायचं आत? आईने चकल्या सुचवल्या. त्याला दात कुठे आहेत, बाबा म्हणाले. मी फळं म्हटलं. त्याच्याच बागेत आहेत. आई शेवटी म्हणाली, "तुमचा तो काढलेला मोतीबिंदू घाला. बघताक्षणी समजेल त्यांना." बाबा हसले, पण मग गंभीरपणे विचारलं, "देतात का तो?"

आज, तीन आठवड्यांनी, थेंब दिवसातून दोनदावर आले आहेत. काळा चष्मा फक्त उन्हात. बाबा वर्तमानपत्र उजव्या डोळ्याने वाचतात आणि डावा मिटलेला ठेवतात, त्याच्यावर रागावल्यासारखा. डाव्याची तारीख ठरली आहे. यादीत या आठवड्याची अकरा कलमं होती, दहांवर खूण आहे.

टोपली दाराशी, चपलांच्या शेजारी आहे. मघाशी बाबा तिच्याकडे पाहत उभे होते. मी विचारलं, काय ठरलं? ते म्हणाले, "तू पुढच्या पानावर लिहून ठेव."