मॅचनंतरची पानं

धुलाईघरातल्या बायका तिला ‘कादंबरी’ म्हणायच्या. खरं नाव पगाराच्या दिवशी साहेब पुकारायचे तेवढंच. मोठ्या रुग्णालयाचं धुलाईघर ते. दोन तापलेले रूळ फिरत असतात, त्यांच्यामधून चादर जाते आणि पलीकडे कोऱ्या कागदासारखी बाहेर पडते. ओल्या चादरीची टोकं ताणून ती रुळांत सारायची, हे हिचं काम. यंत्र थांबलं, की पिशवीतून पुस्तक बाहेर.

“कादंबरी, आजचा गडी कुठल्या खेळातला गं?”

“पोहणारा आहे.”

“अगंबाई, म्हणजे उघडाच की!”

“टॉवेल आहे त्याच्याकडे,” ती पान न सोडता म्हणायची, आणि वाफेत हशा पिकायचा.

पुस्तकं सगळी एकाच जातीची. बसथांब्याशेजारच्या टपरीवर दोन जुनी दिली की एक नवं मिळायचं. मुखपृष्ठावर काखेत चेंडू धरलेला एक दांडगा पोरगा, आणि न बघितल्यासारखं करून त्याच्याकडे बघणारी एक पोरगी. तो संघातला हुकमी गडी, डोक्यानं तापट. ती संघाची डॉक्टर, नाहीतर प्रशिक्षकाची लेक. आधी भांडण, मग दुखापत, मग समजूत, शेवटी मोठा सामना. वावगं म्हणून काही नाही. हात हातात येईतो निम्मं पुस्तक सरतं, आणि पुढे दिवा मालवायची वेळ आलीच, तर लेखक आपणहून दार ओढून घेतो. म्हणून तर तिचं वाचून झालं की पुस्तक सासूच्या उशाशी जायचं. म्हातारी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचायची. मग भाजी निवडताना दोघींचं सुरू.

“हा सोडून जाणार बघ तिला.”

“जातोय कुठे, आई. गुडघा बरा व्हायचाय त्याचा.”

“मेल्याला घरचं कुणी नाही का, दोन शब्द सांगायला?”

“कुणाचा गुडघा?” जेवता जेवता मिस्त्री विचारायचा.

“तुला नाही कळायचं,” म्हातारी म्हणायची. “तू जेव.”

मिस्त्री म्हणजे कादंबरीचा नवरा. बसडेपोत गिअरबॉक्स खोलायचा आणि जोडायचा. मान जाड, बोलणं थोडं, नखांत काळं तेल कायमचं मुक्कामाला. बायको वाचते याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण एका रविवारी तो दाराशी चपला काढत होता, आणि ती खिडकीत पुस्तक घेऊन बसली होती. पान वाचता वाचता ती हसली. गंमत वाटल्यासारखं नव्हे. कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यावर माणूस सैलावतं, तसं. मिस्त्री एक चप्पल हातात धरून उभाच राहिला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि असं हसू आपल्या वाट्याला शेवटचं कधी आलं, ते काही त्याला आठवेना.

“काय गं?” त्यानं विचारलं.

“कुठे काय,” ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून चहा ठेवायला उठली.

तो चहा त्याला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक त्याच्या डब्याच्या पिशवीतून डेपोत गेलं. बसखालच्या खड्ड्यात उतरून, बॅटरी दातांत धरून मिस्त्री वाचायला लागला. नवं इंजिन आलं की त्याची माहितीपुस्तिका वाचायचा, अगदी तसंच. कुठला भाग कशाला जोडलाय, जोर नेमका कुठून येतो, हे बघत. नायकाचे खांदे रुंद, इथवर ठीक. केस डोळ्यांवर येतात. मिस्त्रीचे कानांवर यायलाही राजी नव्हते. मग त्यानं पानं उलटत उलटत शेवट गाठला. नायक गोली. शेवटच्या क्षणी पेनल्टी अडवतो, मैदान डोक्यावर घेतात, ती गर्दीतून धावत येते. मिस्त्रीनं पुस्तक मिटलं. सापडला दोष.

“काय वाचतोय रे बसखाली?” वरून टायरवाल्यानं डोकं आत घातलं.

“कामाचं आहे.”

“कव्हरावर पोरगी दिसतेय कामाची.”

“तू तुझी हवा भर.”

आता गंमत अशी, की मिस्त्री स्वतः एके काळी डेपोच्या फुटबॉल संघाचा गोली होता. लग्नाआधी. पुढे खेळ सुटला, पोट सुटलं, आणि हातमोजे कुठल्या खोक्यात गेले देव जाणे. बायकोनं त्याला गोलात उभा असलेला कधी पाहिलाच नव्हता. आणि नेमका त्याच महिन्यात पलीकडच्या डेपोशी सामना ठरला होता. तरण्या गोलीची बदली झालेली. मिस्त्रीनं जाऊन सांगितलं, मी उभा राहतो. टायरवाला, जो संघाचा कप्तानही होता, त्याला नजरेनं आडवा-उभा मापत राहिला.

“आडवा तरी पुरशील,” तो शेवटी म्हणाला. “बाराआणे गोल तर असाच झाकला जाईल.”

घरी मिस्त्रीनं भाजीच्या वाटीकडे बघत विचारलं, “रविवारी सकाळी मोकळी आहेस का?”

“का हो?”

“मॅच आहे. मी गोली.”

म्हातारीनं घास तोंडाशी थांबवला. “कुणाचा?”

“आमचाच की, आई!”

“मग मी पण येते,” म्हातारी म्हणाली. “असं फुकटात बघायला मिळत नाही.”

कादंबरी हसली नाही. “येईन की,” म्हणाली, “पण ह्या वयात कशाला हाडांशी खेळ? लागलं बिगलं म्हणजे?”

“लागतंय कशाला,” तो म्हणाला. ती ताटं उचलायला लागली.

सामना झाला. मैदान डेपोमागचंच, गवत कमी नि खडे जास्त. सासू-सून छत्री धरून सिमेंटच्या पायरीवर बसल्या. मिस्त्रीचं निम्मं लक्ष त्या पायरीवर, आणि चेंडूला तेवढं निम्मं पुरे होतं. पहिला गोल त्याच्या डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून, तिसरा, न्याय म्हणून, पायांमधून. “अरे, दार लाव की!” म्हातारी पायरीवरून ओरडली, आणि समोरचा संघसुद्धा हसला. मग समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मिस्त्रीनं थुंकी लावून हात चोळले. हाच तो क्षण, पुस्तकातला. शिट्टी वाजली आणि त्यानं गिअरबॉक्स निसटावा तशी उजवीकडे झेप टाकली. चेंडू डावीकडे गेला. मिस्त्री खांद्यावर आपटला. आवाज पायरीपर्यंत ऐकू आला.

तो उठला. हसला. धूळ झटकली, डाव्या हातानं. सामना संपेपर्यंत उभा राहिला.

“लागलं का हो?” घरी जाताना तिनं विचारलं.

“छे. काही नाही.”

वाटभर तो तिच्या एक पाऊल पुढे चालला.

घरी येऊन मिस्त्री थेट न्हाणीघरात शिरला. कडी लावली. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की उजवा हात वर जात नाही. जर्सी निघेना. डाव्या हातानं मागून ओढली तर डोक्यात अडकली, आणि तो तोंडावर कापड, पोट उघडं, असा बादलीशेजारी उभा राहिला.

“अहो,” दारावर टकटक झाली. “झालं का?”

“झालंच.”

“पाण्याचा आवाज येत नाही.”

“घेतोय.”

“कडी काढा.”

“तू जा गं. काही नाही झालेलं.”

बाहेरून ती बोलली ती हळू, पण दाराला अगदी चिकटून. “बावीस वर्षं मी हे ऐकते. बोट चेमटलं तेव्हाही काही नाही. ते मला टायरवाल्याच्या बायकोनं दुधाच्या रांगेत सांगितलं. मामंजी गेले, तुम्ही तिसऱ्या दिवशी कामावर. काही नाही. मी बायको आहे का शेजारीण?”

मिस्त्रीनं चाचपडत कडी काढली. ती आत आली, त्याचा अवतार बघितला, आणि ओठ दाबून धरले.

“हस,” तो कापडाआडून म्हणाला. “हरलो ते हरलो. तुझ्या त्या पुस्तकातला गोली बघ, कसा अडवतो. म्हटलं, एकदा तूही...” पुढचं कापडातच राहिलं.

“तुम्ही वाचलंत?”

“शेवट वाचला. मॅचचा.”

“अहो, पण मॅचची पानं मी वाचतच नाही.”

“म्हणजे?”

“गाळते. ती आई वाचतात, त्यांना आवडतात. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. कोण जिंकलं ते शेवटी कळतंच.”

“मग वाचतेस काय?” मिस्त्रीनं जर्सीतूनच विचारलं.

“मॅचनंतरचं. सगळे गेलेले असतात. तो बाकावर बसलेला असतो. ती बर्फ घेऊन येते, विचारते, कुठे दुखतंय? आणि एवढा दांडगा गडी, पण सांगतो तिला. इथे दुखतंय म्हणतो. भीती वाटते म्हणतो, उद्या खेळता आलं नाही तर काय. ती काही फार करत नाही हो. ऐकते नुसतं. तेवढंच पान मी दोनदा वाचते.”

नळ ठिबकत होता. मिस्त्रीचा श्वास कापडाआड वरखाली होत होता.

“खांदा,” तो म्हणाला. “खांद्यापासून कोपरापर्यंत. जीव जातोय. मघाशी रस्त्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले, म्हणून पुढे चाललो, तुला दिसू नये म्हणून. आणि कामाचं कसं करायचं तेही कळत नाही. पाना कुठल्या हातानं धरू?”

“बसा,” ती म्हणाली, आणि पालथ्या बादलीवर त्याला बसवला. “कात्री आणते.”

“कापू नकोस! डेपोची आहे.”

मग तिनं ती इंच इंच करत काढली. आधी चांगला हात, मग डोकं, मग दुखरी बाही खाली, हळूच. तो दोनदा ओरडला. मोकळं ओरडला. तिनं टॉवेलात बर्फाचे खडे बांधून खांद्यावर धरले. उद्या सकाळी पहिलं काम, आमच्या रुग्णालयात खांद्याचा फोटो काढायचा, म्हणाली. तो हो म्हणाला. वाद घातला नाही. गार पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं.

“तुझं काय दुखतं?” त्यानं एकाएकी विचारलं.

“माझं? माझं कुठे का—” ती म्हणता म्हणता अडली. नवरा वर मान करून बघत होता. गिअरबॉक्सचा आवाज ऐकताना बघायचा तसा, कान देऊन.

“मनगटं,” ती म्हणाली. “दोन्ही. चादरी ओढून ओढून. पहाटे मुठी मिटत नाहीत. वर्ष होईल.”

“वर्ष!”

“ओरडू नका. आणि बरं का, दुसरंही एक आहे...”

दारावर काठी आपटली. “अरे, आत काय चाललंय दोघांचं, दिवसाढवळ्या? मला जायचंय!”

“आई, जरा थांबा,” कादंबरी म्हणाली. सासूला थांबा म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

मिस्त्रीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. कुठे दाबायचं ते कळेना, म्हणून नुसतंच धरून राहिला.

“बोल,” तो म्हणाला. “दुसरं काय?”