ब्रेकला कुंकू

दसऱ्याला महामार्ग पोलिसांची गाडी माझ्या झेंडूच्या दुकानासमोर थांबते. तिचा चालक हार घेतो, पण बॉनेटवर घालायच्या आधी दार उघडून खाली वाकतो आणि ब्रेकच्या पॅडलला हळदकुंकू लावतो. "पळवायला काय, कुणीपण पळवतं, मावशी. थांबवतो तो हाच," असं दरवर्षी सांगतो. त्याचे साहेब शेजारी उभे राहून हसायचे.

माणूस बोलतो सावकाश, चहासुद्धा बशीत ओतून फुंकत पितो. पण गाडी एकदा इगतपुरीकडे सुटली की मागे नुसता आवाज राहतो.

एका दुपारी नाकाबंदी तोडून एक पांढरी मोटार सुसाट गेली. मागे हाच, सायरन लावून. फुलं खुडून परतणाऱ्या आमच्या बाया तेव्हा रस्ता ओलांडत होत्या. आवाजाने बिचाऱ्या मधोमध थिजल्या. त्यांत माझी सून होती.

त्याने ब्रेक दाबला. एवढ्या वेगातली गाडी, पण इकडेतिकडे न ढळता सुनेच्या पाटीपासून हातभरावर उभी राहिली.

"अरे, सुटला ना तो!" साहेब ओरडले.

"टोलनाक्यावर वायरलेस करा, साहेब. जातो कुठं?" असं म्हणून शेवटची बाई पलीकडे पोचेपर्यंत तो हलला नाही. मोटार टोलनाक्यावरच सापडली.

यंदाचा हार सुनेने ओवला, दुकानातला सगळ्यात जाड. चालक नेहमीसारखा ब्रेकपाशी वाकला. हळदकुंकवाची वाटी धरून शेजारी उकिडवे बसले होते ते साहेब.